सहाव्या खान्याचा डाख

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचं पत्र आलं, ‘रेडिओ दुरुस्तीच्या काळातल्या गमती लिहून पाठवा.’ बाई माझ्या नातीच्या वयाच्या असाव्यात. त्यांना वाटतं, म्हातारा माणूस म्हणजे गमतींचं पोतं, तोंड सोडलं की भळाभळा सांडणार. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की हात दरवेळी एकाच गोष्टीपाशी जातो आणि ती गोष्ट गमतीची नाही. छापायची की नाही ते बाईंनी ठरवावं. मी ऐंशी ओलांडली. आता कोणाची भीड उरलेली नाही, माझी स्वतःची तर नाहीच.

कारंज्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आज ज्याला वाशीम जिल्हा म्हणतात तो सगळा भाग तेव्हा अकोल्यात मोडायचा. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. घरात रेडिओ असणं म्हणजे थाट, आणि तो ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे. लढाईच्या काळात मी फौजेत सिग्नलमध्ये होतो. तिथं वायरलेस शिकलो आणि परत येताना तेवढंच घेऊन आलो. पुढं परीक्षा देऊन हौशी वायरलेसचा परवानाही काढला. म्हणजे घरी स्वतः बनवलेला ट्रान्समीटर, एक चावी, आणि त्या चावीवर टिकटिक करून नागपूर, कलकत्ता, कधी नशीब असेल तर सिलोनच्या माणसाशी बोलायचं. धंद्याच्या, राजकारणाच्या गोष्टी बोलायला बंदी. मग काय बोलायचं? ‘तुमचा आवाज इथं किती जोरात येतो, आमचा तिकडं किती येतो?’ बायको म्हणायची, एवढ्या लांबच्या माणसाशी बोलता आणि विचारता काय, तर ऐकू येतं का!

तिचं म्हणणं बरोबर होतं, पण आमच्या धंद्याचं मर्म त्याच प्रश्नात आहे. किती ऐकू येतं?

दुकानात येणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार हीच असायची. मानोऱ्याकडचा एक कास्तकार आला. त्याची रेडिओची बॅटरी उतरली होती. टॉर्चचे सेल उन्हात ठेवले की थोडा जीव धरतात, हे सगळ्यांना ठाऊक. याने विटेएवढी बॅटरी टिनाच्या छपरावर ठेवली, भर मे महिन्यात, आठ दिवस. आतलं मेण वितळून खाली गळलं आणि टिनाला चिकटलेली बॅटरी त्याने फावड्याने खरवडून काढली. माझ्यापुढं ठेवून म्हणतो, “जोर तं भरपूर आला असन, भाऊ. फक्त आवाज नाई येऊन राह्यला.”

असो. सांगायचं आहे ते खटक्यांच्या पेटीबद्दल.

इंग्रजीत तिला अॅटेन्युएटर म्हणतात. काम एकच, आलेला सिग्नल ठरावीक मापाने कमी करायचा. ऐकणाऱ्याला हे अजब वाटतं. रेडिओवाल्याने आवाज वाढवायचा की कमी करायचा? पण कान हा मोजायच्या कामाचा नाही. शेजारचा माणूस ओरडला काय आणि चौथ्या घरातला ओरडला काय, कानाला दोन्ही मोठेच. त्यातून रेडिओ दुबळा सिग्नल आपणहून वर उचलतो, जोरदार असेल तर खाली दाबतो. म्हणून फरक कळत नाही. मग करायचं काय, तर सिग्नल रेडिओत शिरायच्या आधी त्याला या पेटीतून न्यायचं. एक खटका खाली केला की थोडा घटतो, दुसरा केला की आणखी. ज्या खटक्याला आवाज पार नाहीसा होतो, तेवढं त्याचं वजन. नाहीसा करायला जितके जास्त खटके लागतील तितका तो जोरदार, म्हणजे तितका उगम जवळ.

माझ्या पेटीला आठ खटके होते. फौजेच्या मोडीतून आणलेले खटके, सिग्नल अडवणारे, हाताने निवडलेले रेझिस्टन्स आणि पितळी पत्र्याची पेटी. प्रत्येक खटक्याला वेगळा खाना, आणि दोन खान्यांमध्ये पत्र्याची भिंत. ही भिंत चारही बाजूंनी पेटीला पक्क्या डाखाने, म्हणजे वितळवलेल्या कथलाने, जोडलेली पाहिजे. भेग राहिली की सिग्नल रेझिस्टन्सच्या वाटेने जात नाही, भेगेतून उडी मारून पलीकडं जातो. आपण खटके खाली करत बसतो आणि तो खुशाल येत राहतो. गंमत अशी की दुबळ्या सिग्नलवर हा दोष दिसत नाही. तो दोन-चार खटक्यांतच मरतो, आपल्याला वाटतं पेटी उत्तम. जोरदार सिग्नल लावला तरच पेटीचं खरं-खोटं कळतं. म्हणून नियम असा की पेटी घेऊन बाहेर पडायच्या आधी ती बाकावर जोरदार सिग्नलला लावायची आणि एकेक खटका तपासायचा. दुसरा नियम, कोणतीही खात्री तीनदा करायची. यंत्र बंद केलं, आवाज गेला. पुन्हा चालू केलं, आला. पुन्हा बंद केलं, गेला. तरच तो त्या यंत्राचा. हे दोन्ही नियम मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. सांगायची मला हौसच होती.

ती पेटी घेऊन मी मानोऱ्याला गेलो होतो. गावाला सार्वजनिक रेडिओ मिळाला होता आणि त्याची एरियल चावडीवर लावायची की देवळाजवळच्या निंबावर, यावरून गावात दोन तट पडलेले. मी दोन्हीकडं तार बांधली, मध्ये पेटी जोडली, नागपूर स्टेशन लावलं आणि खटके मोजले. चावडीवर तीन, निंबावर चार. निंब जिंकला. एक म्हातारा सगळा वेळ माझ्याकडं संशयाने पाहत होता. शेवटी म्हणाला, “आमी तुमाले आवाज आनाले बोलावलं, अन् तुमी तं आवाज माराची पेटी घेऊन आले बाप्पा!” सगळी चावडी हसली, मीही हसलो. येताना पेटी मोटारीच्या टपावर होती. रस्ता तेव्हाचा. कारंजा येईपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली होती. पेटीचं काय झालं असेल हा विचार मनातही आला नाही. घरी येऊन तिच्यावरची धूळ पुसली आणि ती फळीवर ठेवली.

त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या रेडिओंवर खरखर सुरू झाली.

कारंजा हे कपाशीचं आणि धान्याचं गाव. गल्लीत जैन व्यापाऱ्यांची घरं, आणि संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागला की अख्खी गल्ली कान देऊन बसायची. नेमक्या त्याच वेळी, सहाच्या सुमाराला, तेलात मोहरी तडतडावी तशी खरखर यायची आणि बोलणाऱ्याला गिळून टाकायची. दोन दिवस लोकांनी सोसलं. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारचे कस्तुरचंदशेठ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. माणूस सज्जन, आवाज कधी चढवायचा नाही. म्हणूनच त्यांचं बोलणं मला जास्त लागलं.

“देविदासभाऊ, सरकीचा भाव काय सांगतला, रुईचा काय सांगतला, काई समजून नाई राह्यलं. तुमची टिकटिक बंद करा.”

“शेठ, माह्या टिकटिकीनं अशी खरखर नाई होत.”

“मंग कायनं होते? वायरलेस तं गल्लीत तुमच्याच घरी हाये. आमी पोस्टात अर्ज करून देऊ, हे काई बरं दिसत नाई.”

अर्ज गेला असता तर चौकशी झाली असती आणि चौकशी संपेपर्यंत परवाना जप्त. ती चावी गेली असती तर माझं पोट काही अडलं नसतं. पण दिवसभर लोकांचे फुटके रेडिओ सांधणाऱ्या माणसाला संध्याकाळी सिलोनशी बोलता येतं, एवढाच माझा तोरा होता. मी चार दिवस चावीला हात लावला नाही. खरखर चालूच. पण मी हात लावत नाही हे लोकांना दिसणार कसं? माझ्या घराकडं बघून माना हलवायचे. पाचव्या दिवशी मी बॅटरीचा रेडिओ गळ्यात अडकवला, लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तारेची एरियल हातात घेतली, मध्ये खटक्यांची पेटी जोडली, कानाला हेडफोन लावले आणि गल्लीत उतरलो. पेटी तपासायला बाकावर लावायला हवी होती. सहा वाजायला आले होते आणि मला घाई होती, अपराधी शोधायची घाई.

माझ्या दारापुढं खरखर तीन खटक्यांत मेली. मला एवढा आनंद झाला की मी शेठना हाक मारून हेडफोन त्यांच्या कानाला लावला. पुढं सरकलो तसे चार झाले, मग पाच. खरखर जवळ येत होती. मागं दहा-बारा माणसं. आणि वामन गुरुजींच्या घरापुढं आठही खटके खाली केले तरी ती मरेना.

वामन गुरुजी निवृत्त मास्तर. गणित शिकवायचे, मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्या बायकोला, गोदावहिनींना, तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला होता, उजवी बाजू गेली होती. गुरुजींनी कुठूनशी टपालाने विजेची पेटी मागवली होती. अशा पेट्या तेव्हा मिळायच्या. आत तारेचं वेटोळं, थरथरणारी एक पोलादी पट्टी, आणि बाहेर दोन पितळी मुठी. मुठी हातात दिल्या की मुंग्या येतात आणि बोटं आपोआप आकसतात. रोज संध्याकाळी गुरुजी ही वीज वहिनींना द्यायचे. अशा थरथरणाऱ्या पट्टीने रेडिओत खरखर होते, हे मला ठाऊक होतं. आणि गुरुजींची वेळ सहाची होती, हे गल्लीला ठाऊक होतं.

मी एकटाच आत गेलो. वहिनी खाटेवर होत्या. गुरुजी ओल्या फडक्यात गुंडाळलेली मूठ त्यांच्या तळहातावर धरून बसले होते आणि मोठ्यानं आकडे मोजत होते. शंभर आकडे या हाताला, शंभर खांद्याला. वर्गात पाढे म्हणायचे तोच सूर होता.

“देविदास काय रे?” वहिनी जड जिभेनं म्हणाल्या. “बस नं बापा. पाह्य, आता कप धरता येते मले.” आणि खाटेशेजारचा रिकामा कप त्यांनी उजव्या हाताने उचलून दाखवला. दोन बोटं वाकडी होती, पण कप पडला नाही.

मी म्हणालो, “गुरुजी, यक मिनिट बंद करता?”

त्यांनी खटका फिरवला. हेडफोनमधली खरखर थांबली.

एकदाच. मी त्यांना पुन्हा चालू करायला सांगितलं नाही. जगाला सांगायचो तो तीनदाचा नियम त्या खोलीत मी मोडला. आजारी बाईच्या खाटेपाशी हेडफोन घालून उभं राहायची लाज वाटत होती, हे एक कारण मी पुढं बरीच वर्षं स्वतःला देत आलो. खरं कारण असं की मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

गुरुजी म्हणाले, “ऐंशी झाले. वीस बाकी हायेत, मोजून घेऊ काय?”

“घ्या,” म्हणून मी बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी कस्तुरचंदशेठच्या पेढीवर चार माणसं बसली. गुरुजींना बोलावलं होतं. कोणी त्यांना उणं बोललं नाही. शेठ तर म्हणाले की गुरुजींनी वेळ बदलली तरी भागेल, वीज सकाळी द्यावी. पण गुरुजी माझ्याकडं वळले.

“देविदास, तू मोजलं?”

“हो गुरुजी.”

“किती?”

“आठही खटके.”

“आठही?” गुरुजी उठले. “मंग बोलाचं कामच नाई. सकाळी लोकाइले भजन-बातम्या ऐकाच्या असतात. कोनाले काहून तरास द्याचा?” संध्याकाळी ते स्वतः यंत्र घेऊन माझ्या दुकानात आले. “घरी राह्यलं तं माहा हात थांबनार नाई. तुह्या कपाटात ठेव.”

मी ठेवलं. वर कुलूप लावलं.

त्याच रात्री अवकाळी पाऊस झाला आणि पुढचे आठ-दहा दिवस खरखर नव्हती. शेठनी मला घरी बोलावून केशरी दूध पाजलं. मी चावी पुन्हा सुरू केली आणि नागपूरच्या एका हौशी दोस्ताला मोठ्या ऐटीत सगळी हकिगत टिकटिकवली. त्याने विचारलं, पेटी तपासून नेली होती ना? मी उत्तर दिलं, हो.

नवव्या की दहाव्या दिवशी, सहा वाजता, खरखर पुन्हा आली.

शेठ दारातून म्हणाले, “गुरुजीनं दुसरी मशीन आनली काय?” मी तडक दुकानात गेलो आणि कपाट उघडलं. यंत्र जागच्या जागी होतं, सेल काढलेले. मग पहिल्यांदा खटक्यांची पेटी बाकावर घेतली आणि जोरदार सिग्नल लावला. पाच खटक्यांपर्यंत आवाज मापात घटला. सहावा खाली केला, फरक नाही. सातवा, आठवा, फरक नाही. झाकण उघडून भिंगातून पाहिलं. पाचव्या आणि सहाव्या खान्यांमधल्या भिंतीचा डाख वरच्या कडेला फुटला होता. केसाएवढी भेग. मानोऱ्याहून येताना मोटारीच्या टपावर फुटला असणार. म्हणजे त्या दिवशी गल्लीत पाचाच्या पुढं माझी पेटी नुसती नावाला होती. जिथं पाचापेक्षा जास्त जोर असेल तिथं ती ‘आठही’ म्हणणारच. गुरुजींचं दार हे असं पहिलं दार होतं, शेवटचं नव्हे. मी तिथंच थांबलो होतो.

डाख लावायला पाच मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. गुरुजींच्या भिंतीपाशी सहा खटके. त्यापुढं कोपऱ्यावर सात. आणि कपाशीतून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडं वळणाऱ्या रस्त्याच्या विजेच्या खांबाखाली आठ. खांबावर तार ज्या चिनी मातीच्या वाटीवर बसवतात ती तडकली होती आणि तिच्यात जिनिंगमधून उडालेली रुई बसली होती. संध्याकाळी पॉवरहाऊसचं इंजिन सुरू झालं, दंव पडायला लागलं, की तिथं बारीक ठिणग्या झडायच्या. पावसाने रुई धुऊन निघाली होती, म्हणून मधले दिवस शांत गेले. आणि वाऱ्याच्या झोताने तार हलली की ठिणगी क्षणभर थांबायची. गुरुजींनी खटका फिरवला तेव्हा असाच एखादा झोत आला असेल. तीनदा करून पाहिलं असतं तर दुसऱ्याच वेळी समजलं असतं.

दुकानात परत येऊन गुरुजींचं यंत्र काढलं, सेल घातले, चालू केलं आणि दहा पावलांवरून मोजलं. दोन खटक्यांत मेलं. शेजारच्या घरातसुद्धा नीट ऐकू गेलं नसतं.

इथपर्यंत झाली ती चूक. चुका धंद्यात होतात. यापुढचं मी केलं ते चूक म्हणून नाही केलं.

खांबाची वाटी बदलायला वीजवाल्यांनी तीन आठवडे लावले. ती बदलली आणि खरखर कायमची गेली. शेठनी भर पेढीवर विचारलं, “मंग गुरुजीची मशीन?” चार माणसं माझ्या तोंडाकडं पाहत होती. ज्यांनी माझ्यावर आळ घेतला होता आणि आता ज्यांच्यात माझ्या हुशारीचं कौतुक चाललं होतं, तीच माणसं. मी म्हणालो, “दोन कारनं होती. थोडं तिचंबी होतं.”

सगळ्यांना पटलं. खांब दुरुस्त, यंत्र कपाटात, आणि रेडिओ स्वच्छ. माझं म्हणणं खोटं ठरवायला काही जागाच उरली नव्हती.

चार दिवसांनी गुरुजी दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“देविदास, खांबाचा आवाज होता म्हने.”

“खांबाचाबी होता, गुरुजी.”

“अन् माह्या मशीनचा?”

“थोडा.”

“थोडा म्हनजे किती?”

त्यांनी आम्हाला लहानपणी हेच शिकवलं होतं. थोडं, बरंच, खूप असं उत्तर पाटीवर चालत नसे, आकडा लागे. आकडा माझ्यापाशी होता, दोन. मी म्हणालो, “पुन्हा मोजून सांगतो.”

“सांग. घाई नाई,” म्हणाले आणि गेले. त्यांना माझ्यावर एवढा विश्वास होता की त्यांनी ‘कधी’ हेसुद्धा विचारलं नाही.

मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगू. दुकान बंद करताना कपाटाकडं नजर जायची आणि वाटायचं, लोक हसतील. पेटी न तपासता गल्लीभर फिरला आणि आपल्याच मास्तरांना धरून आणलं, म्हणतील. नागपूरच्या दोस्ताला काय सांगणार? शिवाय, मी मनाशी म्हणायचो, या विजेच्या पेट्यांनी कोणाचा पक्षाघात बरा होतो थोडाच! डॉक्टरही असंच म्हणतात. वहिनींना काही फरक पडत नसणार. असं करत महिना गेला, आणि वर काही दिवस.

पौषाच्या शेवटी वहिनी गेल्या. सकाळी खाटेवर गेलेल्याच आढळल्या.

मी त्यांना खांदा दिला. तेराव्यानंतर यंत्र कपाटातून काढलं, त्यावरची धूळ पुसली आणि गुरुजींकडं नेलं. गुरुजी ओट्यावर एकटे बसले होते. मी यंत्र खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डाख फुटल्याचं, एकदाच करून पाहिल्याचं, दोन खटक्यांचं, पेढीवर बोललो त्याचंही. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुले समजलं कधी?”

“खरखर परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“म्हनजे ती जिती असतानी.”

“हो.”

ते यंत्राकडं पाहत राहिले, पण त्याला हात लावला नाही.

“ती पडून असे नं दिवसभर. तिले कानच तेवढे होते,” ते म्हणाले. “बाजूच्या घरचा रेडिओ तिले भिंतीतून ऐकू ये. मशीन तुह्याकडं देल्यावर खरखर परत सुरू झाली, तं मले म्हने, आवाज तं येऊनच राह्यला. मंग आपल्या मशीनचा नाई तो. आना नं परत. म्या म्हटलं, देविदासनं मोजलं हाये, त्याचं माप चुकत नाई. ती रोज ऐके अन् रोज सांगे. म्या रोज तेच म्हनो.”

मी खाली बसलो. ते पुढं बोलले, अगदी सावकाश.

“मंग यक दिवस तिनं सांगनं बंद केलं. मले म्हने, कंटाळले असान तं तसं सांगा. तीन वर्सं झाले, कोनीबी कंटाळन, मी मनाले नाई लावून घेनार. म्या लय समजावलं. देवाची आन घेतली. ती मान हलवे, पन तिले पटे नाई. तिच्या कानानं ऐकलेलं खरं होतं नं रे! मंग तिच्या हिशोबानं मीच खोटा झालो. हातात कप देला तं घे नाई. म्हने, राहू द्या, तुमाले तरास.”

मी यंत्र उचलून माझ्या मांडीवर घेतलं.

“मले कंटाळा नोता आला, देविदास,” गुरुजी म्हणाले. “यक दिवसबी नाई आला. पन ती तेच समजून गेली.”